मत्स्यपिलांचे सागरी सर्वेक्षण

संशोधन नौकेतून ठरलेल्या ठिकाणी व ठराविक मुदतीने जाळे टाकून माशांची अंडी, डिंभ (भ्रूणानंतरच्या, प्रौढाहून वेगळे रूप असलेल्या अवस्था) व पिले गोळा करतात. त्यांची जात, लांबी व संख्या नोंदवून पुढील वर्षांत किती मासळी मिळेल, याचा अंदाज बांधतात. मासा हजारो, काही जातींत लाखो अंडी घालतो. परंतु बहुतेक डिंभ व पिले अल्पावधीतच मरतात. एखाद्या वर्षाची पिढी मोठी की लहान हे आरंभीच्या काळात किती डिंभ तगतात यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये केले. उत्तर समुद्रात हेरिंगच्या पिलांची आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणे १९६०–७० या दशकात होऊ लागली.

मुंबईलगतच्या समुद्रातील सर्वेक्षणांचा आरंभ मात्र वेगळ्या हेतूने झाला. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेवर चालणाऱ्या नौकेने ट्रॉल (नौकेमागे तळालगत ओढावयाचे पिशवीसारखे जाळे) वापरून मासळीची क्षेत्रे शोधली. १९४६ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन केले. १९४९-५० ते १९५४-५५ या काळात मुंबई व सौराष्ट्र किनाऱ्यांपुढे ट्रॉलने पकडलेल्या मासळीचे विवेचन जयरामन, जी. शेषप्पा, के. एच्. मोहमद व एस्. व्ही. बापट यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. घोळ, कोत, दाढा, वाम यांसारखे मोठे मासे कोठे व किती मिळतात, याला तेव्हा महत्त्व होते. मोठ्या आसांच्या (जाळ्यातील छिद्रांच्या) जाळ्यातून पिले निसटतात. त्यांच्या गणनेसाठी बारीक आसांचे जाळे लागते.

अशी जाळी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९६२–६५) पद्धतशीरपणे वापरली गेली. अनेक राष्ट्रांच्या नौकांनी एकाच नमुन्याच्या जाळ्याने प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गोळा केले. कोचीन येथील केंद्रात त्यांतून माशांची अंडी व डिंभ वेगळे काढून त्यांच्या प्रसाराचे नकाशे तयार करण्यात आले. मुंबईच्या केंद्राला १९८३ मध्ये ‘भारतीय मत्स्य सर्वेक्षण’ या राष्ट्रीय संस्थेचे स्वरूप मिळाले, तर १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेली ‘सागर संपदा’ ही संशोधन नौका भारताच्या सेवेत आली.

तथापि नौकेची पोच मर्यादित असते. पापलेटाची पुष्कळ पिले किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढतात व तेथे मोठ्या नौकेला ट्रॉल ओढता येत नाही. पालघर ते मुंबई या पट्ट्यात भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेल्या डोल जाळ्यात बोंबील व जवळ्याबरोबर ही पिलेही सापडतात. बंदरावर उतरलेल्या मासळीची नमुनापाहणी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. पण समुद्रातच फेकून दिलेली पिले त्या पाहणीत दिसत नाहीत. म्हणून नौकेवरील व बंदरावरील नोंदी एकमेकींस पूरक ठरतात.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा घोषित केले व त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविली. पापलेटासाठी ती १३५ मिमी. आहे. या मर्यादेमुळे पिले खरोखर वाचतात की नाही, हे मिळालेल्या मासळीच्या वजनावरून त्वरित कळत नाही. कारण विपुल पिले पकडल्यानेही ते काही काळ वाढू शकते. वर्षानुवर्षे केलेली पिलांची गणनाच त्याचा निर्णय देऊ शकते.