वऱ्हाडच्या ओतीव मूर्ती : प्रस्तावना

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली इथे सापडला आणि विस्मरणात गेलेली ती शाखा इतिहासात पुन्हा उभी राहिली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हरिषेण याच शाखेचा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवून घेतले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच काळात या प्रदेशात धातूच्या मूर्तीही घडत होत्या, याकडे मात्र लक्ष क्वचितच जाते. वाचकांना त्या मूर्तींपर्यंत नेणे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

बुऱ्हाणपूरजवळच्या फोफनार इथे १९६४ साली बुद्धाच्या सात धातुमूर्ती मिळाल्या. आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. रामटेकजवळच्या हमलापुरीलाही वाकाटककालीन बुद्धमूर्ती सापडल्या. अजिंठ्याच्या भिंतीवरचे बुद्ध पाहून या मूर्तींकडे वळावे. अंगाला लगटलेल्या चीवराची तीच ओळखीची ठेवण इथे धातूत उतरलेली दिसते. पुढच्या शतकांचा वारसा जैन मूर्तींनी सांभाळला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी इथला जैन धातुमूर्तींचा ठेवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. हे गाव आज अकोला जिल्ह्यात येते. पण वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातूनच वेगळा झाला; मूर्तींच्या इतिहासाला ही सीमा लागू करण्यात अर्थ नाही.

नवख्या वाचकांनी सुरुवात घडणीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात ही कृती दिली आहे. धातू किती घ्यायचा हे मेणाच्या वजनावरून ठरवायचे : चांदी बारापट, सोने सोळापट. एकदा हे ध्यानात आले, की दागिन्यांची बारीक नक्षी आधी मऊ मेणात उमटली होती, हे तुम्हाला मूर्ती पाहता पाहता जाणवू लागेल. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो, म्हणून या पद्धतीची प्रत्येक मूर्ती एकुलती एक.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसशी ताडून पाहिले तर हे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. बारी या शिल्पकाराने वाघ-सिंहांच्या लहान कांस्यमूर्ती केल्या. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी एकाच नमुन्याच्या अनेक प्रती ओतल्या जात. बार्बेदियन यांच्या कारखान्यात तर मोठ्या शिल्पाची लहान आवृत्ती काढणारे यंत्र होते. त्या मूर्तींवर शिल्पकाराची सही असे, पुष्कळदा कारखान्याचा शिक्काही. आपल्याकडच्या मूर्तीच्या पीठावर तिथी येते, गुरूचे नाव येते, ती करवून घेणाऱ्या कुटुंबाचे नाव येते. ज्याच्या हाताने धातू ओतला त्याचे नाव बहुधा नसतेच. मला ही उणीव वाटते, आणि म्हणूनच घडण नीट पाहण्याचा आग्रह आहे. त्या कारागिराची ओळख पटवणारे दुसरे काही आपल्या हाती नाही.

पीठावरचे लेख वाचण्यासाठी कारंजा लाडसारखे गाव नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही जैन परंपरांच्या भट्टारकपीठांमुळे, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्यांमुळे, हे गाव जैन विद्येचे केंद्र बनले. इथल्या पोथ्यांचे महत्त्व अभ्यासकांनी केव्हाच ओळखले. मूर्तिलेखांची वाट विद्याधर जोहरापूरकर यांनी सोपी केली. १९५८ साली सोलापूरहून निघालेल्या त्यांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ या हिंदी ग्रंथात असे लेख परंपरावार एकत्र वाचायला मिळतात. गुरुपरंपरेतली दोन-चार नावे ओळखीची झाली, की चार ओळींच्या लेखातूनही काळ, गाव आणि घराणे हाती लागते. संवत् आणि शक यांत मात्र घोटाळा करू नये. दोन्हींत सुमारे १३५ वर्षांचे अंतर आहे.

शक्य असेल त्यांनी आधी नागपूरचे संग्रहालय पाहावे, कारण तिथे घाई नसते. मंदिरात जाल तेव्हा पूजेची वेळ टाळावी आणि विश्वस्तांना विचारूनच जवळ जावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती घासू नयेत. बाजूने तिरपा उजेड धरला तरी पुष्कळ वाचता येते.