मतलईवर सुटलेला मचवा

थंडी झोंबतेय? झोंबणारच. साधारण 1830 चा पौष आहे आणि रेवदंड्याच्या खाडीत पहाटेच्या अंधारात तुम्ही एका व्यापाऱ्याच्या मचव्यावर तांदळाच्या पोत्याला टेकून बसला आहात. नाक दाबू नका. लाकडाला चोळलेल्या माशाच्या तेलाचा हा वास संध्याकाळपर्यंत तुमच्या अंगरख्यात मुरणार आहे.

ओहोटी लागली. खलाशी आरोळी देत दोर ओढतात, शीड फडफडतं आणि फुगतं. जमिनीवरून सुटलेली गार मतलई तुमच्या डाव्या गालाला लागते. कोर्लईचा किल्ला मागे पडतो. उन्हं वर येतात तसा आधी पद्मदुर्ग दिसतो, मग जंजिरा. थेट पाण्यातून उठलेले बुरुज पाहताना मान अवघडते.

दुपारी वारा पडतो. आता खरी परीक्षा! शीड लोंबतं, मचवा जागच्या जागी डुलतो, फळ्या करकरतात, डांबर तापून बोटांना चिकटतं. पोटात ढवळतंय ना? बोट लागली तुम्हाला. नजर क्षितिजावर ठेवा, आवळा चघळा. मातीच्या चुलीवर सुके बोंबील भाजताहेत, तिकडे मात्र वळू नका. पिंपातलं पाणी कोमट आहे, तेही मोजून मिळेल.

तेवढ्यात तांडेल ओरडतो, "वाकून बसा, पावणं!" शीड पेलणारं परबाण डोक्यावरून सरकतं. जमीन तापली, म्हणून वारा आता समुद्रावरून येतोय, तुमच्या उजव्या कानामागून. मचवा धावू लागतो. तोंडावर खारे तुषार, ओठांवर मीठ आणि आश्चर्य म्हणजे कडकडून भूक! नाचणीची भाकरी आणि तेच बोंबील आता मागून घ्याल.

डावीकडे हरिहरेश्वरचा डोंगर, मग बाणकोटला सावित्रीचं मुख. वाटेनं चालणारा माणूस अशा प्रत्येक खाडीशी तरीची वाट पाहत खोळंबतो. तुम्ही मात्र खाड्यांची तोंडं नुसती बघत पुढे जाताय. या किनाऱ्याचा राजरस्ता पाण्यावरच आहे, हे आज तुमच्या अंगाला कळलं.

दिवस कलताना हर्णै. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर पडतो. धक्का नाही, होडीतून किनाऱ्याजवळ या आणि लाटांतून खलाशाच्या खांद्यावर बसून वाळूवर उतरा. टोपल्या, कावळे, कोळणींचा कलकलाट, वाळत्या मासळीचा दर्प! पाय अजून डुलताहेत. जेवा आणि लवकर झोपा. पहाटे मतलई सुटली की तांडेल कोणासाठी थांबत नाही.