फॉरबिडन (ब्लॅक सॅबथ)

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या हार्ड रॉक-हेवी मेटल बँडचा अठरावा स्टुडिओ अल्बम. आय.आर.एस. रेकॉर्ड्सने तो जून १९९५ मध्ये प्रकाशित केला. टोनी मार्टिन (गायन), टोनी आयोमी (गिटार), नील मरे (बेस), कोझी पॉवेल (ड्रम) आणि जेफ निकल्स (कीबोर्ड) हे त्यावेळचे वादक-गायक. मूळ संचातले आयोमी तेवढे उरले होते. निर्मितीची धुरा बॉडी काउंट या बँडचा गिटारवादक अर्नी सी याच्याकडे होती आणि ‘द इल्यूजन ऑफ पॉवर’ या पहिल्याच गाण्यात रॅपर आइस-टी याचा आवाज आहे.

समीक्षकांनी अल्बमला झोडपले आणि चाहत्यांनीही पाठ फिरवली. १९९७ मध्ये मूळ गायक ऑझी ऑसबोर्नसह जुने सहकारी पुन्हा एकत्र आले आणि मार्टिन यांचा काळ जवळजवळ विस्मरणात गेला. आय.आर.एस.ही बंद पडली, या काळातले अल्बम दुकानांतून दिसेनासे झाले.

खरी अडचण ध्वनिमुद्रणाच्या मिश्रणात होती. पॉवेल हा भारदस्त हाताचा ड्रमवादक. त्याचे ड्रम येथे कोरडे, पोकळ वाजतात आणि आयोमींच्या गिटारची धारही बोथट होते. अशा दोषाला साधे रीमास्टरिंग पुरत नाही. त्यात तयार मिश्रणावरच काम होते, त्यामुळे ड्रमचा पट्टा उचलला की त्याच पट्ट्यातला गळा आणि गिटारही वर येतात. रीमिक्स करताना मूळ मल्टिट्रॅक टेपकडे परत जावे लागते. तेथे प्रत्येक वाद्य सुटे मिळते आणि त्याची पातळी, पोत, जागा नव्याने ठरवता येते.

आयोमी स्वतः या मिश्रणावर नाराज होते आणि हे काम अखेर त्यांनीच हाती घेतले. ३१ मे २०२४ रोजी आलेल्या ‘अ‍ॅनो डॉमिनी १९८९–१९९५’ या संचात ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९), ‘टिर’ (१९९०) आणि ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) रीमास्टर होऊन आले, तर ‘फॉरबिडन’ नव्या मिश्रणात आला. मार्टिन यांचा पहिला अल्बम ‘द इटर्नल आयडल’ (१९८७) दुसऱ्या कंपनीचा असल्याने संचात नाही.

नव्या मिश्रणात ‘किस ऑफ डेथ’ हे गाणे सर्वाधिक उजळते: संथ, जड रिफला ड्रमचा आधार मिळतो आणि मार्टिन यांचा गळा मोकळा होतो. काही गाण्यांचे शब्द आणि चाली मुळातच सामान्य आहेत. तेथे मिश्रणाने फारसे साधत नाही. तरीही या अल्बमचा न्याय करायचा तर तो याच रूपावरून करावा. ते ऐकायला पॉवेल मात्र नव्हता: तो एप्रिल १९९८ मध्ये मोटार अपघातात वारला होता. निकल्सही २०१७ मध्ये गेले. पूर्वी जपानी आवृत्तीपुरते असलेले ‘लूजर गेट्स इट ऑल’ हे गाणेही आता सीडी संचात आहे.