‘बांचन दोरा’ ते ‘नमस्ते अण्णा’ : तेलंगणातील अभिवादनाचा इतिहास (थ्रेड)

१/
वरंगळच्या बाजारात किंवा सिकंदराबादच्या रेल्वे स्थानकावर दोन ओळखीची माणसे भेटली, की हमखास कानी पडते : ‘नमस्ते अण्णा, बागुन्नारा?’ अर्थ साधा आहे : ‘नमस्कार दादा, बरे आहात ना?’ परंतु सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी तेलंगणातील एखाद्या खेड्यात शेतमजुराने गावच्या धन्याला असे विचारले असते, तर तो उद्धटपणा ठरला असता. त्याने काय म्हणायचे, ते आधीच ठरलेले होते.

२/
ते शब्द असे : ‘बांचन दोरा, नी कालमोक्ता.’ ‘बांचन’ म्हणजे मी गुलाम आहे. ‘दोरा’ म्हणजे धनी. ‘कालु’ म्हणजे पाय आणि ‘मोक्कु’ म्हणजे वंदन करणे. संपूर्ण वाक्याचा भाव : ‘धनी, मी तुझा गुलाम, तुझ्या पाया पडतो.’ भेटल्यावर पहिल्याच वाक्यात स्वतःचे गुलामपण घोषित करणारे हे अभिवादन होते. ते कसे आले आणि कसे गेले, याचा हा धागा.

३/
प्रथम पार्श्वभूमी. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन. संस्थानातील जवळपास निम्मी प्रजा तेलुगू भाषक होती. कारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. शहरातील प्रतिष्ठितांचे अभिवादन ‘आदाब’. तेलुगू ही घरची, शेताची आणि बाजाराची भाषा राहिली.

४/
खेड्यात सत्ता होती ती दोराची. दोरा बहुधा देशमुख, जमीनदार अथवा मोठा पट्टेदार असे. त्याच्या तटबंदीच्या वाड्याला ‘गडी’ म्हणत. मराठवाड्यातील ‘गढी’चेच हे भावंड. गावाने दोराकडे फुकट राबायचे, त्याला ‘वेट्टि’ म्हणत. आपल्या ‘वेठबिगारी’तील ‘वेठ’ तिचीच बहीण. परटाने कपडे धुवायचे, कुंभाराने मडकी द्यायची, धनगराने मेंढरू द्यायचे, आणि मोबदल्याचा प्रश्न विचारायचा नाही.

५/
या व्यवस्थेत अभिवादन हेदेखील वेठीचेच एक रूप होते. गडीसमोरून जाताना पायांतील वहाणा काढून हाती घ्यायच्या, मान खाली घालायची, दोरा समोर आला की ‘बांचन दोरा’ म्हणायचे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘नी’ हे एकेरी सर्वनाम आहे. ‘तुमचे’ या अर्थाचे ‘मी’ हे आदरार्थी रूप या वाक्यात नाही. व्याकरणाने आदर दाखवण्याची गरजच उरली नव्हती; वाकलेली पाठ तो दाखवतच होती.

६/
उलट दिशेने येणारी भाषा याहून बोलकी आहे. तेलुगूत नावापुढे ‘गारु’ लावले की मान मिळतो, आपल्या ‘राव’ किंवा ‘साहेब’ यांसारखा. ‘गाडु’ लावले की तोच माणूस तुच्छ ठरतो. एका अक्षराचा हा फरक. दोराच्या तोंडी कष्टकरी जातींच्या माणसांच्या नावांमागे ‘गाडु’ येई आणि नावेही तोडली जात. मराठीत धोंडिबाचा ‘धोंड्या’ करणारी रीत याच कुळातली.

७/
परंतु तेलंगणाच्या मातीत समानतेचे एक जुने अभिवादनही होते : ‘शनार्ति’. अभ्यासक त्याचा संबंध ‘शरणार्थि’ या वीरशैव वंदनाशी जोडतात. मराठवाडा आणि सोलापूरकडील लिंगायत कुटुंबांत आजही ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार करतात, ते हेच. शरणाने शरणाला वंदन करायचे आणि दुसऱ्याने तेच शब्द परत द्यायचे. येथे नमस्कार दोन्ही बाजूंनी सारखा. ‘बांचन’ला असे उत्तर नव्हते.

८/
तेलुगूत ‘बसवपुराण’ रचणारा तेराव्या शतकातील कवी पाल्कुरिकि सोमनाथ हा वीरशैवच होता. त्याचे गाव म्हणजे आजच्या जनगाव जिल्ह्यातील पालकुर्ती, असे मानले जाते. हे नाव लक्षात ठेवावे. कारण सुमारे सातशे वर्षांनी दोराच्या सत्तेला आव्हान देणारी एक परटीण याच पालकुर्तीत उभी राहिली. तिच्याकडे जाण्यापूर्वी मात्र हैदराबाद शहरातील एक सभा पाहणे आवश्यक आहे.

९/
नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इतर भाषांतील भाषणे शांतपणे ऐकून घेतली गेली. परंतु आलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांतील मराठी मंडळींनी त्यांची हुर्यो उडवली. संस्थानातील सर्वांत मोठ्या लोकसमूहाची भाषा संस्थानाच्या राजधानीत, सुधारकांच्या सभेत, हसण्याचा विषय ठरली.

१०/
मराठी वाचकाने हा प्रसंग विसरू नये. उर्दूच्या वरचष्म्याने आपली भाषा मागे पडते, ही मराठी सुशिक्षितांची तक्रार खरी होती. त्याच सुशिक्षितांपैकी काहींना शेजारच्या भाषेची अवहेलना करताना काही वाटले नाही. दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी लगोलग ‘आंध्र जन संघम्’ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव हे त्याचे आधारस्तंभ. ‘आंध्र’ म्हणजे येथे तेलुगू भाषक, एवढाच अर्थ.

११/
सुरुवातीचे काम ग्रंथालये, शाळा आणि वृत्तपत्रे यांचे होते. १९२६ मध्ये सुरवरम् प्रताप रेड्डी यांनी ‘गोलकोंडा पत्रिका’ सुरू केली. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत, अशी टीका झाली तेव्हा त्यांनी १९३४ मध्ये ३५४ कवींचा संग्रह छापून उत्तर दिले. १९३० साली जोगीपेट येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरले. भाषेचा अपमान हे निमित्त होते. हळूहळू चर्चा वेट्टिकडे वळली.

१२/
वळण आले १९४४ मध्ये. भुवनगिरीच्या अधिवेशनात रावी नारायण रेड्डी अध्यक्ष झाले, मवाळ गट बाहेर पडला आणि महासभा साम्यवादी नेतृत्वाखाली आली. खेड्यातील लोक तिला नुसते ‘संघम्’ म्हणू लागले. संघमची शिकवण एका वाक्यात सांगता येईल अशी होती : वेट्टि करू नका, जमीन सोडू नका. दोरासमोर न वाकणे ही या दोन्हींची पहिली पायरी होती.

१३/
येथे पालकुर्ती पुन्हा येते. परीट जातीतील चाकली ऐलम्मा खंडाने घेतलेली जमीन कसत होती. विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी याने तिच्या उभ्या पिकावर हक्क सांगितला. पीक लुटायला माणसे आली तेव्हा संघमच्या कार्यकर्त्यांनी ते कापून तिच्या घरी पोहोचवले. तिच्या नावातील ‘अम्म’ पाहावा. दोराच्या बोलीत परटिणीला असा मान नव्हता. इतिहासाने मात्र तिला ‘ऐलम्मा’ याच नावाने लक्षात ठेवले.

१४/
४ जुलै १९४६. कडवेंडी गावात संघमची मिरवणूक निघाली. विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी गोळीबार केला आणि दोड्डी कोमरय्या हा धनगर तरुण ठार झाला. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याची सुरुवात या दिवसापासून धरतात. चळवळीच्या नेत्यांनी पुढे नोंदवल्यानुसार सुमारे तीन हजार गावांत संघमची सत्ता उभी राहिली. ज्या हातांनी पाय धरायचे, त्याच हातांनी बंदुका धरल्या, असे तेलुगूत आजही म्हटले जाते.

१५/
लढ्याने अभिवादनही बदलले. कार्यकर्ते एकमेकांना ‘लाल सलाम’ म्हणत. मूठ वळलेली, हात वर, पाठ सरळ. नेत्यांपैकी पुच्चलपल्ली सुंदरय्या यांचे मूळ नाव सुंदररामी रेड्डी. जातवाचक ‘रेड्डी’ त्यांनी स्वतःच गाळले. एकीकडे वरच्या जातीचा माणूस नावातील मोठेपणा उतरवत होता, दुसरीकडे ‘गाडु’ म्हणून हिणवलेला माणूस ‘अय्या’ होत होता.

१६/
एका शब्दाचा प्रवास मराठी वाचकाला विशेष जाणवेल : ‘जोहार’. महाराष्ट्रात ‘जोहार मायबाप’ हे महार समाजावर लादलेले खालच्या पायरीवरचे अभिवादन होते. आंबेडकरी चळवळीने ते टाकले आणि ‘जय भीम’ स्वीकारले. तेलुगूत मात्र ‘जोहार’ हुतात्म्यांना मानवंदना देताना उच्चारतात. कोमरय्याच्या स्मृतीला ‘जोहार’ म्हणतात तेव्हा तो शब्द एका धनगरापुढे सर्वांची मान झुकवतो.

१७/
सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामाची राजवट संपली. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचाही मुक्तिदिन. लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला गेला. १९५२ च्या निवडणुकीत रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मतांनी निवडून आले. परंतु अनेक गावांत पळालेले दोरे परतले, आणि त्यांच्याबरोबर जुने अभिवादनही परतले.

१८/
म्हणून ही कथा १९५१ ला संपत नाही. उत्तर तेलंगणात, करीमनगर आणि आदिलाबाद जिल्ह्यांत, वेट्टि आणि दोराचा दरारा १९७० च्या दशकातही टिकून होता. सप्टेंबर १९७८ मध्ये जगित्यालला शेतमजुरांचा प्रचंड मेळावा भरला. गावोगावी दोरांवर बहिष्कार पडले, कित्येक गड्या ओस पडल्या. पुढील काळात लोक नक्षलवाद्यांना ‘अण्णलु’, म्हणजे ‘अण्णा लोक’, म्हणू लागले. त्यांच्या हिंसेची किंमतही याच गावांनी मोजली. तरी सत्ताधाऱ्याला ‘दोरा’ऐवजी ‘थोरला भाऊ’ म्हणणे, हा बदल लहान नव्हता.

१९/
१९५६ मध्ये तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला आणि वेगळाच प्रश्न उभा राहिला. किनारपट्टीच्या तेलुगूत वाक्यागणिक ‘अण्डि’ हा आदरप्रत्यय येतो : ‘कूर्चोण्डि’, म्हणजे ‘बसा’. तेलंगणाच्या ग्रामीण बोलीत तो कमी. त्यामुळे ही बोली रांगडी, उद्धट ठरवली गेली. चित्रपटांत ती खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घातली जाई, अशी तेलंगणाची जुनी तक्रार आहे. १९२१ ची हुर्यो वेगळ्या रूपात परतली होती, आणि या वेळी हसणारे तेलुगू भाषकच होते.

२०/
या अवहेलनेविरुद्ध आयुष्यभर बोलणारा कवी म्हणजे काळोजी नारायणराव. शाळेच्या पुस्तकी भाषेपेक्षा लोकांच्या जिभेवरची भाषा श्रेष्ठ, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या वडिलांचे घराणे मूळचे मराठी. त्यांचा जन्मदिन, ९ सप्टेंबर, आज तेलंगणा भाषा दिन म्हणून साजरा होतो. कर्व्यांच्या सभेतील हुर्योला इतिहासाने दिलेले हे सौम्य उत्तर मानता येईल.

२१/
२ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. त्याच्या आसपास दूरचित्रवाणीवरील बोलीभाषेतील बातम्यांनी ‘शनार्ति’ हा जुना शब्द पुन्हा घराघरांत नेला. ‘बागुन्नारा’बरोबर ‘मंचिगुन्नारा’ हे खास तेलंगणी रूपही अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. ‘जेवलात का?’ या अर्थी ‘तिन्नारा?’ विचारणे तर आपल्याकडच्यासारखेच. निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘पोयि वस्ता’, म्हणजे ‘जाऊन येतो’. मराठी घरातला ‘येतो’ तो हाच.

२२/
सर्व काही बदलले असे मात्र नाही. ‘तू’साठी ‘नुव्वु’ आणि ‘तुम्ही’साठी ‘मीरु’. वयस्कर मजुराला ‘नुव्वु’ आणि तरुण मालकाला ‘मीरु’ म्हटले जाते, तेव्हा जुनी गडी बोलण्यात शिल्लक असते. हैदराबादेत उतरणाऱ्या मराठी पाहुण्याने रिक्षावाल्याला, भाजीवालीला ‘नमस्ते अण्णा’, ‘नमस्ते अक्का’ म्हणावे आणि ‘मीरु’ वापरावे. तीन शब्दांचे हे सौजन्य मिळवण्यासाठी कोमरय्याला प्राण द्यावे लागले होते.

(थ्रेड समाप्त)