विष्णू दिगंबर मार्गावरचा लेखक

दिल्लीच्या आयटीओ चौकात वर्तमानपत्रांच्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. तिथून थोडं आत वळलं की विष्णू दिगंबर मार्ग लागतो. या रस्त्यावर हिंदी भवनाच्या बाहेर, फुटपाथवर, एक गृहस्थ वर्षानुवर्षं चहा विकायचे. स्टोव्ह, किटली, ग्लास... आणि शेजारी मांडलेली पुस्तकं. पुस्तकांवर लेखकाचं नाव एकच, लक्ष्मण राव. आणि चहा गाळणारेही तेच!

नुसतं 'राव' वाचून मला हे कुणी दाक्षिणात्य गृहस्थ वाटले होते. पण ते निघाले आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. शाळेच्या वयात गुलशन नंदांच्या हिंदी कादंबऱ्या वाचून त्यांना लेखक व्हायचं वेड लागलं. गावातला रामदास नावाचा मुलगा नदीत बुडून गेला. त्याच्यावर लिहायचंच, हे तेव्हापासून डोक्यात होतं. काही काळ सूतगिरणीत काम केलं, ते सुटलं. मग वडिलांकडून ४० रुपये घेऊन ते घराबाहेर पडले. आधी भोपाळला बांधकामावर मजुरी केली आणि १९७५ साली दिल्ली गाठली. तिथंही मजुरी, ढाब्यावर भांडी घासणं असं करत करत आधी पान-विडीचं दुकान टाकलं, मग चहाची टपरी.

लिहिणं चालूच होतं. पण हस्तलिखित घेऊन गेल्यावर प्रकाशकानं वाटेला लावलं. टपरीवाला कसली कादंबरी लिहिणार! तेव्हा रावांनी ठरवलं की आपणच छापायचं. पैसे साठवून १९७९ साली 'नई दुनिया की नई कहानी' ही पहिली कादंबरी काढली. पुढे स्वतःची प्रकाशन संस्थाही काढली. दोन डझन पुस्तकं झाली. एका पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा पुढच्याच्या छपाईत, असा हिशेब. घरखर्चाला चहा होताच.

आता त्यांचा दिवस बघा. सकाळी सायकलला पुस्तकांच्या पिशव्या लावून दिल्लीतल्या शाळा आणि ग्रंथालयं पालथी घालायची. दुपारपासून रात्रीपर्यंत टपरी. घरी गेल्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत लेखन. रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार. तिथून ते प्रेमचंदांपासून शेक्सपिअरपर्यंतची पुस्तकं उचलून आणत. (हा बाजार २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर फुटपाथवरून उठला आणि जवळच्या महिला हाटमध्ये गेला.) या सगळ्यात चाळिशी ओलांडल्यावर दिल्ली विद्यापीठातून पत्रद्वारे बीए आणि उतारवयात इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून हिंदीत एमए!

या दिवसातला सकाळचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. शाळेत गेल्यावर लोक आधी सायकल बघायचे, मग कपडे. हा कुठला तरी फेरीवाला, असं धरून चालायचे. पुस्तकाचा लेखक कोण, असं कुणी विचारलंच तर राव सांगायचे, मीच. मग कुठे बसायला खुर्ची मिळायची. पुस्तक तेच असायचं, माणूसही तोच!

१९८४ साली ते इंदिरा गांधींना भेटले. मला तुमच्यावर लिहायचंय म्हणाले. माझ्यावर नको, माझ्या कामावर लिहा, असं त्यांना सुचवण्यात आलं. त्यातून 'प्रधानमंत्री' हे नाटक झालं. आणि 'रामदास' लिहायचा राहिला नाही. त्या कादंबरीला २००३ साली इंद्रप्रस्थ साहित्य भारतीचा पुरस्कार मिळाला. गावच्या नदीत बुडालेला मुलगा दिल्लीतल्या वाचकांपर्यंत पोचला, तोही हिंदीतून. मराठीत त्याची गोष्ट आपल्याला सांगायला राव काही इथं राहिले नाहीत, आणि त्यांचा वाचक तर रोज समोर चहा पीत उभा होता.

आता त्या रस्त्याच्या नावाकडे वळू. विष्णू दिगंबर म्हणजे पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. मग दरबारी आश्रय सोडून बाहेर पडले, तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. शिकवायला पुस्तकं हवीत, तर स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं लिहिली आणि ती छापायला स्वतःचा छापखाना घातला. गवई म्हणजे आश्रित, त्याला कोण मान देणार, असा तो काळ. पुढे मुंबईतल्या इमारतीच्या कर्जापायी ती वास्तूही हातची गेली. पण पुस्तकं आणि शिष्य गावोगाव पोचले होते.

म्हणजे एक मराठी माणूस परमुलखात जाऊन स्वतः लिहितो, स्वतः छापतो, स्वतः खपवतो. आणि त्याच्या नावाच्या रस्त्यावर दुसरा मराठी माणूस अनेक दशकांनी तेच करत बसतो. हा योगायोगच, त्यातून मी काही सिद्ध करत नाहीये. पलुस्करांच्या नावाचा रस्ता झाला. रावांच्या वाट्याला वर्तमानपत्रांतले 'चहावाला लेखक' असे मथळे आले. त्यांतला 'चहावाला' हा शब्द काही केल्या सुटेना. बातमी चहाची व्हायची, कादंबऱ्या वाचून त्यांच्यावर बोलणारे थोडेच.

मीही त्यातलाच. वरचं सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं की त्यांचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. त्यांची पुस्तकं आता ऑनलाइन दुकानांतही आलीत. 'रामदास' मागवली आहे. वाचून झाल्यावर लिहीनच, आणि तेव्हा चहाचा विषय काढणार नाही.