विनयातील मधु आणि बाजारातील मध

महावग्गातील भेसज्जक्खन्धकाचा प्रारंभ श्रावस्तीत होतो. शरद ऋतूतील आजाराने भिक्खूंना ग्रासले होते. पेज घेतली तरी ओकून पडे, जेवण पोटात राहत नसे. शरीरे कृश व फिकट होऊन अंगावर शिरा उठून दिसू लागल्या. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मधु व फाणित ही पाच औषधे अनुज्ञात केली. प्रथम केवळ मध्यान्हापूर्वी, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा अवेळीही. या निवडीमागील विचार मूळ ग्रंथातच नोंदलेला आहे. जे लोकांत औषध म्हणून मान्य आहे, शरीरास आधार देते, परंतु स्थूल आहारात मोडत नाही, असे द्रव्य हवे होते. येथे मंत्र नाही, दैवताची कृपाही नाही. रोगाची लक्षणे पाहून आणि लोकानुभवाची साक्ष काढून घेतलेला हा निर्णय आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत त्या विनयातील व्याख्या. मधु म्हणजे ‘मक्खिकामधु’, माश्यांनी केलेला मध. आणि फाणित म्हणजे उसापासून निर्माण झालेले. दोन्ही गोड, दोन्ही औषध, तरीही दोन्हींची व्याख्या स्वतंत्र! द्रव्याची ओळख चवीवरून नव्हे, तर उत्पत्तीवरून ठरविली गेली. (आठ अनुज्ञात पेयांतील ‘मधूकपान’ हे मधाचे पेय असल्याचे काही भाषांतरांत आढळते, ते चुकीचे आहे. मधूक म्हणजे मोहाचे झाड.)

ही औषधे सात दिवसांहून अधिक काळ जवळ ठेवू नयेत, असा निस्सग्गिय पाचित्तियाचा तेविसावा नियम आहे. मध सात दिवसांत नासतो म्हणून हा नियम झाला, असा समज अनेकांचा दिसतो. परंतु चांगला पिकलेला मध वर्षानुवर्षे टिकतो. नियमाचे कारण राजगृहातील पिलिन्दवच्छ थेरांच्या कथेत आहे. त्यांच्या भोवतीच्या भिक्खूंना ही औषधे इतकी मिळू लागली की त्यांनी घडे भरले, पिशव्या खिडक्यांत टांगल्या. त्यांतून पाझर सुरू झाला, विहार उंदरांनी भरून गेले. हे श्रमण बिंबिसार राजासारखे कोठारवाले झाले, अशी लोकांनी कुरकुर केली. म्हणजे नियम साठेबाजीविरुद्ध आहे, मधाच्या गुणाविरुद्ध नव्हे.

जखमेवरील मधाविषयी मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे. याच खन्धकात व्रणोपचारांची सविस्तर माहिती आहे. काढ्याने धुणे, तिळाचा कल्क, पट्टी, मोहरीची पूड, धुरी, तेल इतके सारे तेथे आहे. त्या यादीत मध नाही. व्रणावर मध व तूप लावण्याची परंपरा सुश्रुतसंहितेत स्पष्ट आहे. बौद्ध वाङ्मयात नाही ते बळेच शोधून काढण्यात धम्माचा गौरव होत नाही, असे आमचे मत आहे.

आधुनिक विज्ञानाने या जुन्या अनुभवास आधार दिला आहे. मधातील साखरेचे प्रचंड प्रमाण, त्याची आम्लता आणि माशीच्या ग्लुकोज ऑक्सिडेझ या विकरामुळे तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे जंतू वाढू शकत नाहीत. न्यूझीलंडमधील मानुका या झुडपाच्या मधात याखेरीज मेथिलग्लायॉक्साल हे द्रव्य भरपूर असते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी ते 2008 च्या सुमारास दाखवून दिले. रुग्णालयांत जखमेसाठी वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नव्हे. मानुकाला भाव आला तशी नक्कलही आली. म्हणून न्यूझीलंड सरकारने 2018 पासून निर्यातीसाठी चार रासायनिक खुणा व एक डीएनए खूण अशी पाच कसोट्यांची व्याख्या लागू केली. ‘मक्खिकामधु’ ही व्याख्या तेथे कोणत्या माशीचा एवढ्यावर न थांबता कोणत्या फुलाचा, इथपर्यंत गेली!

आपल्याकडे प्रश्न त्याहून प्राथमिक आहे. घोडपदेवसारख्या कामगारवस्तीत बादलीत पोळ्याचा तुकडा ठेवून मध विकणारा दारावर येतो. वर पोळे, खाली बहुधा साखरेचा पाक, हे गृहिणींना ठाऊक असते. म्हणून पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवून पाहणे असे प्रयोग होतात. या कसोट्या विश्वसनीय नाहीत. मधाचा दाटपणा व ओलावा यांवर त्यांचा निकाल अवलंबून असतो, आणि दाट पाकही त्यांत सहज उत्तीर्ण होतो. प्रयोगशाळेतील जुनी कार्बन कसोटी ऊस व मका यांची साखर ओळखते. तांदळाचा पाक तिला चकवतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये 13 नाममुद्रांचे मध तपासून घेतले. एनएमआर चाचणी धरून सर्व कसोट्यांवर तीनच टिकले. कंपन्यांनी हा निष्कर्ष अमान्य केला. विनयाच्या भाषेत बोलायचे तर मधूच्या नावाने फाणित विकले जात होते, आणि तेही उसाचे नव्हे.

अस्सल मध महाराष्ट्रात नाही असे नाही. महाबळेश्वरच्या पठारावर सातेरी माश्यांचा जांभूळ, हिरडा, कारवी यांचा मध निघतो. त्याच तालुक्यातील मांघर हे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन संस्था 1962 पासून आहे. सर्दी-खोकल्यासाठी चमचाभर मध हवा असणाऱ्या कुटुंबाने मानुकाच्या बरणीस हजारो रुपये मोजावेत, याचे कारण आम्हांस दिसत नाही.

एका रूढीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. नवजात बालकास सोन्याने मध-तूप चाटविणे हा गृह्यसूत्रांतील जातकर्म संस्कार होय. 1956 नंतर आपले संस्कार बदलले, तरी मध चाटविण्याची ही रीत काही घरांत वडीलधाऱ्यांच्या हातून टिकून आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसास ते बाधत नाहीत, परंतु तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढून ते स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करतात. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बालकास मध देऊ नये, मग तो कितीही अस्सल असो.