ताहाराबादच्या कुलकर्ण्याची लेखणी

तालुक्याच्या कचेरीत संगणकापुढे बसून नोंदी भरणाऱ्याला आपण 'डेटा एन्ट्री'वाला म्हणतो, आणि त्या म्हणण्यात थोडी तुच्छता असतेच. दुसऱ्याने सांगितलेले ठरल्या रकान्यात उतरवायचे, पदरचे काही घालायचे नाही. अशा कामात वाङ्मयाच्या अभ्यासकाने कशाला डोकवावे? राहुरी तालुक्यापुरते तरी डोकवावे, असे आम्हांस वाटते. मराठीतला सर्वांत मोठा संतचरित्रकार याच कामावरून उठून गेला.

महिपती (१७१५–१७९०) हा राहुरी तालुक्यातील ताहाराबादचा वतनी कुलकर्णी. कोणते शेत कोणाचे, पेरले काय, सारा किती, वसूल किती, बाकी किती, हे सारे त्याच्या दप्तरात. गावगाड्याचा कारभार पाटलाचा. पण कागदावरचे गाव कुलकर्ण्याच्या बोरूखाली असे. परंपरा सांगते की महिपती पूजेस बसला असता जहागीरदाराचे बोलावणे आले. पूजा आटोपून गेल्यावर उशिराबद्दल अपमानाचे शब्द ऐकावे लागले. त्याने हातातले काम पुरे केले, आणि ही लेखणी यापुढे संतांखेरीज कोणासाठी चालवणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, 'हातातले काम पुरे करून' हा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो.

लेखणी धनी बदलते, पण हाताचे वळण सहसा बदलत नाही. 'भक्तविजय' (१७६२) या सत्तावन्न अध्यायांच्या ग्रंथात महिपती प्रारंभीच आपला आधार सांगतो: उत्तरेकडचा नाभाजी आणि माणदेशातला उद्धवचिद्घन. हे मी स्वमतीने रचलेले नाही, असे तो श्रोत्यांना बजावतो. संतकवीचा हा विनय आहेच; पण नोंद कशावरून घेतली हे सांगण्याची कुलकर्ण्याची सवयही त्यात आहे.

या सवयीत दोषही येतो. आधी लिहिलेले आले की ते पुढे उतरवायचे. त्यामुळे संतांच्या काळांचा मेळ त्याच्याकडे नेहमी बसतोच असे नाही, आणि इतिहासाची शिस्त मानणारा वाचक त्याच्यावर रुष्ट होतो. हा रोष समजण्यासारखा आहे. कुलकर्णी वतने १९५१ साली गेली, तलाठी आले. पुढे हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना जुन्या चुकाही उतरल्या आणि काही नव्या पडल्या. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. लेखनप्रमाद त्याखाली दुरुस्त होतो. महिपतीच्या नोंदीला असे कलम नाही. 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) यांत जे चढले ते कीर्तनांतून, पोथीवाचनांतून घरोघर पोहोचले, आणि तेच संतांचे चरित्र ठरले.

मात्र केवळ इतिहासकार म्हणून नापास करून महिपतीला बाजूस ठेवणे आम्हांस मान्य नाही. त्याच्या कथा कागदांनी भरलेल्या आहेत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे सरकारी धान्य दुष्काळात लुटवले. विठ्ठल महाराच्या रूपाने बेदरास जाऊन ते पैसे भरतो. देवाने पैसे भरले एवढ्याने भागत नाही, तो पावती घेतो! ती पावती दामाजींना पोथीत सापडते तेव्हा कुठे चमत्कार पुरा होतो. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब लिहिणारा एकनाथ पैची चूक शोधत रात्र जागवतो आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवतो. ताळा न जुळल्याची ती तगमग आणि जुळल्याचा तो हर्ष ज्याने भोगला आहे, त्यालाच ही गोष्ट इतकी जवळची वाटणार. गुरू शिष्याला म्हणतात, असेच चित्त ईश्वराकडे लाव. येथे हिशेबाचे काम तुच्छ ठरत नाही. ध्यानाचे माप त्याच्याचकडून घेतले जाते.

आणि तुकाराम. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून वाचतो. महिपती मात्र एक गोष्ट टिपून ठेवतो: कागदांचे दोन वाटे झाले, धाकट्या कान्होबाच्या वाट्याचे त्याच्या हवाली केले गेले, आणि तुकोबांनी बुडवले ते केवळ आपले निम्मे.